मागच्या दाराची रांग

नंबरमावशीला कुठंही दोन माणसं एकामागं एक उभी दिसली की ती तिसरी जाऊन उभी राहायची. तिथं काय मिळतंय, केवढ्याला मिळतंय, आपल्याला ते हवं आहे की नाही, हे सगळे प्रश्न नंतरचे. "आधी उभं ऱ्हा, मंग इचार," असं ती मला शिकवायची. "इचारत बसलं की मागला पुढं जातोय." तिचं खरं नाव कौसाबाई. पण बहात्तरच्या दुष्काळात गाव ते नाव विसरलं आणि पुढं पाऊस आला तरी कुणाला आठवलं नाही.

मी तेव्हा नवी नवरी होते. माहेर अंबाजोगाईचं, सासर वडवणीच्या अलीकडं. माझं लग्न झालं त्या साली पाऊस हात राखून आला, पुढच्या साली आलाच नाही. माझ्या पायगुणाबद्दल सासूबाई तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण भांडी जरा जोरात आपटायच्या. मावशी आमची शेजारीण. आल्या दिवसापासून तिनं माझी बाजू घेतली. मी मॅट्रिक झालेली म्हणून तिला कौतुकही वाटायचं आणि हसूही यायचं. "ए मॅट्रिक, पिशवी घे, चल," म्हणून ती दारातून हाक मारायची आणि मी कशासाठी हे न विचारता चप्पल घालायचे. त्या दिवसांत कशासाठी असं विचारणारी बाई पस्तावायचीच.

एकदा वडवणीच्या बाजारात तिला लांबलचक रांग दिसली. माझा हात धरून तिनं मला ओढतच तिकडं नेलं. साखर असेल, असं पुढची बाई म्हणाली. मागची म्हणाली, डालडा. ऊन डोक्यावर आलं, रांग सरकली, आणि आमचा नंबर आला तेव्हा टेबलामागं एक डॉक्टर देवीची लस टोचायची सुई घेऊन बसला होता! मी मागं फिरले. मावशीनं मात्र बाही वर केली. "नंबर आलाय तर सोडायचा कशाला?" म्हणाली. दंड सुजून कोहळ्यासारखा झाला तरी हा सौदा वाया गेला, असं तिनं कधी कबूल केलं नाही.

मिठाचंही तसंच. मीठ बंद होणार, अशी आवई कुणीतरी उठवली आणि गावानं मिठावर धाड घातली. ज्यांच्या घरी पिठाचा डबा पालथा घातलेला होता, त्यांनीही मीठ भरलं. आम्हीही भरलं. मावशीच्या घरात तर मिठाचं मडकं उतू जात होतं आणि ती त्याच्याकडं समाधानानं बघत बसली होती. मी विचारलं, "मावशी, नुसतं मीठ खायचं का आता?" तर म्हणाली, "काईतरी भरल्यालं दिसाया पायजे गं माय घरात. रिकामं मडकं बघितलं की लई भ्या वाटतंय." त्या वेळी मी हसले. पुढं स्वतःचं घर चालवताना तिचं म्हणणं पटलं.

खरी रांग होती ती सोसायटीच्या दुकानासमोरची. तिथं मिलो मिळायची, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. तिला नावं ठेवत ठेवत सगळं गाव तिच्यासाठी तिष्ठत असायचं. पण सरकारी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या माणसानं दिवसभर रांगेत उभं कसं राहावं? म्हणून लोक आपल्या जागेवर दगड ठेवून कामाला जायचे. प्रत्येक घराचा दगड ठरलेला. कुणाच्या दगडाला चुना फासलेला, कुणाच्या गेरू, कुणाची जात्याची फुटकी पाळ. मावशीचा होता तुटका वरवंटा. कमरेत लचक भरल्यामुळं ती कामावर जाऊ शकत नव्हती. म्हणून ती दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्यांच्या दगडांवर नजर ठेवायची.

आणि काय तिची नजर! एकदा दुपारी एका गड्यानं सहज जाता जाता आपला दगड पायानं पुढं सरकवला. मावशी बसल्या जागेवरून ओरडली, "कावून रं, तुझ्या दगडाला पाय फुटले व्हय?" तो गडी गावातल्या मोठ्या घरचा. त्यानं डोळे वटारले, पण मावशी दगडाकडं बोट दाखवूनच बसली. शेवटी त्याला दगड होता तिथं ठेवावा लागला. चार घास मिलोसाठी भाऊ भावाच्या अंगावर जायचा असे ते दिवस होते, पण आमच्या गावची रांग कधी मोडली नाही. लोकांना सोसायटीवर भरवसा नव्हता, मावशीवर होता.

सोसायटीत तिचा मुलगा होता, भानुदास. एकुलता एक. चेअरमननं त्याला काट्यावर माप करायला ठेवलं होतं आणि दुष्काळात मावशीची चूल त्या नोकरीवर पेटत होती. सून पहिलटकरीण होती, कधीही बाळंत होईल अशी. लोक चिडवायचे, "मावशे, पोरगं आतमदी, आन तू कावून लाईनीत?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "त्यो आतमदी हाय म्हून तर मी भायेर हाय."

उन्हाळा चढला तशी मिलो येईना. आठवडे कोरडे गेले. दगड जागच्या जागी तापत पडले आणि माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली. नुसती एकमेकांच्या पिशव्यांकडं बघायची. पिशवी जड दिसली की डोळे मागोमाग जायचे. मी स्वतः पदराखाली चार बटाटे लपवून आणलेत आणि समोर ओळखीची बाई आली तेव्हा रस्ता बदललाय. भूक माणसाला आधी भित्रं करते आणि मग निर्दयी करते, हे मी तेव्हा बघितलं.

मग एके दिवशी सकाळी ट्रक आला. पोती उतरताना सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली. लोक कामावरून हातातले हातोडे घेऊन तसेच धावत आले आणि आपापल्या दगडामागं उभे राहिले. मावशीचा वरवंटा त्या दिवशी पहिला होता, तिच्यामागं किसन नावाचा एक तरणा गडी, त्याच्यामागं मी. दार उघडायची वाट बघत ऊन वर आलं. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरीनं खिडकीची फळी अर्धवट उघडली, "माल कमी आलाय, आज वाटप न्हाई, उद्या या," म्हणाला, आणि फळी लावून घेतली.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून एक धनगर मेंढरं सोडून पळत आला. "आरं, हितं काय उभे ऱ्हायलात? मागच्या दाराला चेअरमनची गाडी लागलीय. पोती भरायलेत!"

"कोण भरायलंय?" कुणीतरी विचारलं.

"कोण म्हंजी? भान्या भरायलाय!"

माझ्या पुढं किसन खाली वाकला आणि त्यानं आपला दगड उचलला. मग त्याच्या मागच्यांनी उचलले. चुन्याचे, गेरूचे, सगळे दगड एकेक करून हातात गेले. ते जागा धरायला उचललेले नव्हते, हे आंधळ्यालाही कळलं असतं. किसनचं मूल आठवडाभर सरकारी कामावर वाटलेल्या सुकडीवर होतं आणि आता तीही संपली होती. त्याच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

आणि मावशी उठली. तिनं वरवंटा उचलून कडेवर घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हां, उचला, उचला! आपापलाच उचला, दुसऱ्याचा नको. नंबर मागल्या दाराला चाललाय!"

कमरेत लचक असलेली ती बाई इतक्या झपाट्यानं चालेल, असं मला वाटलं नव्हतं. तिच्या पुढं जायला कुणी धजलं नाही. पहिला नंबर तिचा होता ना! सगळी रांग हातात दगड घेऊन तिच्यामागं गल्लीत वळली. मागचं दार उघडं होतं. बैलगाडी अर्धी भरली होती. दारात भानुदास पाठीवर पोतं घेऊन वाकलेला होता आणि आम्हाला बघून तसाच थिजला. सेक्रेटरी आतल्या अंधारात कुठंतरी नाहीसा झाला.

मावशीनं उंबऱ्यासमोर वरवंटा ठेवला. आमच्याकडं बघून म्हणाली, "माझा नंबर हितं. आता माझ्या मागला कोण हाय त्यानं ठिवा."

किसनचा हात वर होता. दगड खाली येईना.

"किसना," ती हळू आवाजात म्हणाली, "तुझा दुसरा नंबर हाय. घालवतूस का?"

गल्लीत बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती, तेवढाच आवाज. किसननं मागं वळून बघितलं. मागं सगळं गाव होतं आणि प्रत्येकाला त्याचा दुसरा नंबर हवा होता. तो वाकला आणि त्यानं दगड वरवंट्यामागं टेकवला. मग मी माझा ठेवला. मग बाकीचे खाली आले, एकामागं एक, थेट गल्लीच्या तोंडापर्यंत.

"भानुदासा, पोतं खाली ठिव," मावशी मागं न बघता म्हणाली. "काटा भायेर आण."

त्या दिवशी गाडीवरचं आणि आतलं सगळं धान्य मागच्या दारात मापलं गेलं. प्रत्येकाला थोडं थोडं मिळालं. भानुदास मान खाली घालून माप करत होता. मावशी शेवटपर्यंत उभी राहिली आणि तिनं स्वतः मात्र काही घेतलं नाही. "आमच्या घरानं आज घ्यायचं न्हाई," एवढंच म्हणाली.

चेअरमन चेअरमनच राहिला. असली माणसं पडत नाहीत, नुसती खुर्ची सावरून बसतात. भानुदासची नोकरी गेली. गावात त्याचं नाव चोर पडलं आणि मावशीचं न्यायाची बाई. सून बाळंत झाली, आणि दिवाळीनंतर भानुदास बायकोपोराला घेऊन टोळीबरोबर पश्चिमेकडं ऊसतोडीला निघून गेला. जाताना आईच्या पाया पडला नाही. पावसाळ्यात टोळी परत यायची, पण तो सिरसाळ्याला सासुरवाडीत राहायचा.

एकदा मी तिला म्हणाले, "मावशी, तुम्ही न्यायासाठी पोटचं पोर गमावलं." ती जात्यावर बसली होती. तिनं खुंटा सोडला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू विचारत होती, मॅट्रिकमध्ये हेच शिकवलं का.

"न्याय कशाचा, माय? लोकांच्या हातात दगुड व्हते. मी पुढं झाले नसते तर माझं लेकरू त्या दारात ठिचलं असतं. लई भ्याले व्हते मी."

"मग हे त्याला सांगा की!"

"रागावलाय तर रागावू दे," ती म्हणाली आणि पुन्हा दळायला लागली. "जित्ता हाय नव्हं?"

मावशी गेली तेव्हा दुष्काळ जुना झाला होता. सोसायटीच्या दुकानात सगळं मिळत होतं आणि रांगही लागत नव्हती. दहाव्याला भानुदास आला. उसानं तो पार वाळून गेला होता. विधी उरकल्यावर आमच्या ओट्यावर टेकला, तेव्हा मी त्याला चहा दिला आणि मावशीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. इतकी वर्षं ते माझ्या उरावर होतं.

त्यानं ऐकून घेतलं. "ठाऊक हाय, वैनी," म्हणाला. "पयल्या नंबरचं माणूस दाराकडं तोंड करून उभं ऱ्हातंय. माय लोकांकडं तोंड करून उभी व्हती. माझ्याकडं तिची पाठ व्हती."

"मग इतकी वर्षं रुसून का राहिलात?"

"रुसलो कुठं? पोतं खाली ठिव म्हणाया मायला यावं लागलं. त्या लाजंनं गेलतो. तिला तोंड दाखवाया धीर झाला न्हाई."

"अहो, पण तिला वाटत होतं की तुम्ही रागावलाय!" मला रडूच फुटलं. "हे तिला एकदा तरी सांगायचं होतं."

चहा तसाच ठेवून तो उठला आणि आईच्या घराचं कुलूप काढायला गेला.