हबीबने कोरलेला देवीलाल

हबीब मिस्त्री देवांची तोंडं कोरायचा, पण डोळे पाडायचा नाही. डोळ्यांच्या जागी नुसता फुगवटा ठेवायचा. "जान टाकनं आपलं काम नाई," म्हणायचा. "आपलं काम नाकातोंडापर्यंत."

मारेगावपासून तीन कोसांवर आमचं बोरडोह. हबीबचा धंदा सुतारकामाचा. बैलगाडीची चाकं, जू, तिफणी. पोळ्याच्या आधी पोरांसाठी लाकडी बैल. आणि दिवाळीच्या आधी, टेकडीवरच्या वस्तीत, गुड्यात, राहणाऱ्या गोंडांसाठी दंडारीचे, म्हणजे त्यांच्या सोंगांच्या नाचाचे, मुखवटे. त्याचा बापही हेच करत आला होता. लाकूड पांगाऱ्याचं, वजनाला हलकं.

गुड्यावरचे लच्छूबाबा टेकाम दंडारीचे म्होरके. ते मुखवटे देवाच्या थानावर नेत आणि तापल्या सळईने त्यांचे डोळे पाडत. मग ते लाकूड राहत नसे. जो मुखवटा घाली त्याला त्या दिवसांत कोणी नावाने हाक मारायची नाही. मुखवटा काहीही बोलो, उलट उत्तर द्यायचं नाही. राग आलाच तर नारळ फोडून खाली बसायचं. आमच्या गावातला पाटीलसुद्धा हा नियम पाळायचा.

मी १९५९ साली अमरावतीहून बी.ए. होऊन परत आलो. मराठी साहित्य घेतलं होतं. गावात त्याचा कोणाला उपयोग नव्हता. हबीब माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. तरी दोस्ती जमली. तो मला 'बी.ए.' म्हणायचा, मी त्याला हबीबभाई.

त्याच्या घरात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. त्याचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं.

१९५६च्या उन्हाळ्यात जंगलाचा ठेकेदार देवीलाल याने सागाचे सहा ओंडके हबीबच्या अंगणात उतरवले. "दोन दिवस राहू दे मिस्त्री, माह्या अंगनात जागा नाई." तिसऱ्या दिवशी जंगलाचे शिपाई आले. ओंडक्यांवर सरकारी शिक्का नव्हता. देवीलालने कोर्टात शपथेवर सांगितलं, ही लाकडं मी पाहिलीच नाहीत. हबीबला सहा महिन्यांची सजा झाली. तो यवतमाळच्या तुरुंगात होता तेव्हा, चौथ्या महिन्यात, त्याची बायको आयशाबी बाळंतपणात गेली. मूलही गेलं. हबीबला ते अकराव्या दिवशी कळलं.

सुटून आल्यावर तो देवीलालच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिला होता म्हणे. "एकदा चार लोकांत सांग, लाकडं तुही होती. बाकी काई मांगत नाई." देवीलाल पान चावत होता. म्हणाला, "कोनती लाकडं?"

मी गावात आलो त्याच वर्षी, दसऱ्यानंतर, हबीबच्या पडवीत बसलो होतो. तो पटाशीने राक्षसाचा मुखवटा कोरत होता. डावी पापणी खाली उतरलेली. खालचा ओठ जाड, मधोमध चिरलेला. नाकाच्या बाजूला चामखीळ.

"हबीबभाई, हा तर ठेकेदार."

"तुले दिसला?" त्याने फुंकर मारून भुसा उडवला. "मंग गावाले बी दिसन."

मुखवटा घेऊन आम्ही दोघं गुड्यावर गेलो. लच्छूबाबांनी तो हातात घेतला. बराच वेळ फिरवून पाहिला.

"जित्या मानसाचं तोंड हाय बापा हे."

"हाय."

"डोये उघडले का मंग दर दिवाईले नाचवा लागते. अन् नाचाच्या आंधी बनवनाऱ्यानं पयलं पानी द्या लागते. तू मरेलोक याले पानी पाजशीन?"

"पाजीन."

"इचार कर. दुसऱ्याच्या हातानं हे डोये बंद होत नाई. फक्त तुह्या."

"मले तेच पायजे, बाबा."

लच्छूबाबांचा पुतण्या ते ओंडके आणणाऱ्या गाडीवर होता. कोर्टात त्याला कोणी विचारलं नव्हतं.  म्हाताऱ्याने सळई विस्तवात घातली.

पाडव्याला दुपारी चावडीसमोर दंडार उभी राहिली. हबीबने राक्षसाच्या ओठांना लोट्याने पाणी लावलं आणि बाजूला झाला. देवीलाल पुढे बाजेवर बसला होता, नेहमीसारखा. ढोल वाजले. राक्षस नाचत आला, एक पापणी खाली, ओठ चिरलेला. बाजेसमोर थांबून ओरडला, "लाकडं माही, अंगन लोकाचं! साहेबानं पुसलं तं म्या म्हनलं, पाह्यलीच नाई!"

 बायकांमधून एक हसू फुटलं. मग सगळं गाव.

मी हबीबकडे पाहिलं. तो देवीलालकडे पाहत होता. तीन वर्षं तो या एका क्षणाची वाट पाहत होता.

देवीलाल उठला. तोही हसत होता. त्याने नारळ फोडला. हळदकुंकू मागवून राक्षसाच्या कपाळाला लावलं.

"वा रे हबीब! मले तं देव केलं तुनं. दर साली पानी पाजशीन ना? पाज, पाज."

गाव पुन्हा हसलं. या वेळी त्याच्या बाजूने.

पुढल्या दिवाळीला बायका त्या मुखवट्याच्या पाया पडल्या. लालीबाईने नातवाचा नवस बोलला. देवीलाल पाहुण्यांना घेऊन आला आणि बोटाने दाखवू लागला, "हा मी." हबीबने पाणी दिलं.  घरी परतताना दारात पोचल्यावर तो म्हणाला, "मोठ्यायले लाज नाई बी.ए., लेकरायले असते."

गुड्यावर एक चाल होती. दंडारीतल्या सोंगांच्या छोट्या बाहुल्या करून पोरींना देत, म्हणजे कोण देव, कोण राक्षस, हे त्यांना लहानपणी कळावं. १९६१च्या पोळ्याला हबीबने लाकडी बैल केले नाहीत. बाहुल्या केल्या, वीतभर उंचीच्या. सगळ्यांची डावी पापणी खाली, ओठ चिरलेला. गावातल्या प्रत्येक घरात एक, फुकट.

पोरांनी आठवड्याभरात खेळ काढला. बाहुली दगडावर उभी करायची. एकजण साहेब, दुसरा बाहुलीच्या वतीने बोलायचा.

"लाकडं कोनाची?"

"मालूम नाई!"

"खोटं!" म्हटलं की सगळ्यांनी बाहुलीला चापट मारायची.

हा खेळ देवीलालच्या ओट्याखाली चालायचा, कारण सावली तिथे होती. तो पोरांना हाकलायचा. ती परत यायची. त्याची नात बाहुली उशाशी घेऊन झोपायची. एकदा सगळ्यांसमोर तिने विचारलं, "आबा, हे तुमीच ना? तुमी काहून खोटं बोल्ले?"

देवीलालने बाहुली चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी हबीबने नातीला नवी दिली. तीही जाळली. त्याने तिसरी दिली.

मी म्हटलं, "हबीबभाई, पोर आहे ती."

"माह्यं पोर कोठी हाय?" तो म्हणाला.

मी उठून घरी आलो. तेव्हा बोलायला हवं होतं.

देवीलाल ओट्यावर बसेनासा झाला. बाजाराला जाईना. १९६२च्या थंडीत त्याला झटका आला. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, डावी पापणी आणखी उतरली. यवतमाळच्या डॉक्टरने रक्तदाबाचं कारण सांगितलं. गावाने ते ऐकून घेतलं आणि बोट दाखवलं ते मुखवट्याच्या उघड्या डोळ्यांकडे.

त्याची बायको हंसाबाई हबीबच्या पडवीत आली. डोक्यावर पदर, हातात नारळ.

"भाऊ, ते डोये बंद करा."

"वहिनी, चार लोकांत त्यायले सांगा लागन. मुखवट्यापुढं."

"त्यायले बोलता येत नाई हो."

"जेवढं येते तेवढं."

बाजाराच्या दिवशी सकाळी देवीलालला बाजेवर घालून चावडीसमोर आणलं. लच्छूबाबांनी मुखवटा समोर टेकवला. दोन्ही तोंडं एकमेकांकडे पाहत होती. गाव जमलं. मुखवट्यापुढे कोणाला हसू आलं नाही.

देवीलालने खूप प्रयत्न केला. लाळ गळली. हंसाबाई पुसत होती.

"ला... लाक..."

"कोनाची?" हबीबने विचारलं.

"मा... माही."

"अन् आयशा?"

देवीलाल रडायला लागला. रडत ते नाव त्याने अर्धंच घेतलं. पण घेतलं. सगळ्यांनी ऐकलं.

मला वाटलं, संपलं. हबीबला जे हवं होतं ते सहा वर्षांनी मिळालं होतं. लच्छूबाबांनी पांगाऱ्याच्या दोन गुट्ट्या आणल्या होत्या, मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांत ठोकायला. त्यांनी त्या पुढे केल्या.

हबीबने त्या घेतल्या नाहीत.

"माही सजा सहा महिन्याची होती," तो म्हणाला. "ह्याची एका दिवसात कशी सरन? दर महिन्याले एक बाजार. सहा बाजार. मंग करतो बंद."

"हबीब," लच्छूबाबा म्हणाले, "हे दंडारीत नाई बसत बापा."

"डोये बंद करनं माह्या हातात हाय ना? तुमीच सांगतलं."

लच्छूबाबांनी गुट्ट्या धोतराच्या सोग्यात बांधल्या. चाल त्यांचीच होती.

मी त्याचा हात धरला. "हबीबभाई, पुरे. त्याने सांगितलं."

"तुले कोनी कोंडलं होतं का, बी.ए.?" त्याने हात सोडवून घेतला. आवाज चढला नव्हता. नेहमीचाच होता. त्याचीच मला भीती वाटली.

देवीलालला चार वेळा आणलं. दुसऱ्या वेळी लोक कमी होते. तिसऱ्या वेळी पाच-सहा. चौथ्या वेळी उन्हात बाज, हंसाबाई, तिची नात, लच्छूबाबा, हबीब आणि मी. नातीने तोंड भिंतीकडे केलं होतं. देवीलालचा आवाज आता फुटतच नव्हता. नुसते ओठ हलत होते. हबीब वाकून पाहत राहिला, ओठ थांबेपर्यंत.

पाचव्या बाजाराच्या आधी देवीलाल गेला. हबीब मातीला आला नाही. त्या दिवशी तो एका गाडीचा आस बसवत होता. दुपारभर ठोकण्याचा आवाज स्मशानापर्यंत येत होता.

दिवाळी आली. पाडव्याला दंडार उभी राहिली. लच्छूबाबांनी गुट्ट्या जपून ठेवल्या होत्या. "मेला तो मानूस," ते हळूच म्हणाले. "आता तरी सोड."

हबीबने राक्षसाच्या ओठांना पाणी लावलं. इतकी वर्षं तो तिथून लगेच बाजूला व्हायचा. या वेळी उभाच राहिला.

मी जवळ जाऊन म्हटलं, "आता कोणासाठी, हबीबभाई?"

"दोन महिने बाकी हायत," तो म्हणाला.

त्याने गुट्ट्या घेतल्या नाहीत. लोटा तिथेच ठेवून तो घराकडे चालू लागला. मी त्याच्या मागे गेलो नाही.