रंभाबाईची लांब पोळी

आंब्याच्या दिवसांत महाल वस्तीतल्या बायकांचं मंडळ आमरस-पोळीची विक्री मांडायचं, ती उभी राहायची रंभाबाईच्या हातांवर. सैलसर पीठ दोन्ही हातांवर झेलत ती चांगलं हातभर ताणायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर अलगद टाकायची. अशी पातळ, लांब पोळी आमरसाबरोबर न्यायला लोक पार बेसा गावाहून सायकली मारत यायचे. जमलेल्या पैशांतून मंडळ हिवाळ्यात पारशिवनीला मोतीबिंदूचं शिबिर भरवायचं.

रंभाबाई विधवा, एकटी आणि जिभेची तिखट. कुणाकडून फुकट काही घ्यायची नाही. वर्गणी द्यायची ऐपत नव्हती, म्हणून पोळ्या द्यायची, आणि त्याचा तिला ताठा होता. असावाच.

त्र्याहत्तर साली तिच्या स्वतःच्याच डोळ्यांपुढे धुकं साचू लागलं. तिनं कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर माठापासून उठवलं असतं, आणि मग मंडळात तिचं उरलं काय असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. हात सवयीचे होते, दोन उन्हाळे निभावले. दिसत नसूनही आपली एकही पोळी वाया गेली नाही, याचं तिला मनातून फार कौतुक वाटे.

राग यायचा तो शेजारच्या शामलाचा. ही बया नेमकी चुलीच्या पलीकडे येऊन बसायची.

"काहून माह्यासमोर बसून राहिली वं? तिकडं जाऊन आंबे पिळ ना."

"बसू द्या ना मावशी," शामला म्हणायची आणि जागची हलायची नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात मंडळाच्या प्रमुख सिंधूताई शिबिराची यादी वाचत होत्या. पारशिवनीकडच्या म्हाताऱ्यांच्या नावांत रंभाबाईचंही नाव आलं. तिचा तिळपापड झाला.

"मी देणारी बाई हाव ताई. त्या गरिबायच्या वाट्याचं मले नोको."

"शामलानं सांगितलं मला सगळं," सिंधूताई म्हणाल्या. "शिबिर तुमच्याच पोळ्यांवर उभं आहे, रंभाबाई. आणि माठ तुमचाच राहील, मी सांगते."

माठ राहणार म्हटल्यावर रंभाबाई शिबिराला जायला तयार झाली. ऑपरेशन नीट झालं. दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा आला, तेव्हा ती मंडळातल्या एकेकीच्या घरी जाऊन हात जोडून आली. चहाडी केली म्हणून शामलाचं घर तेवढं मुद्दाम टाळलं.

संध्याकाळी शामलाच चहा घेऊन आली. कप घेताना रंभाबाईला तिचे हात दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे काळे डाग.

"हे कायचं वं? तू तं पोळ्या करत नाही."

शामला पदर ओढून घेऊ लागली. मग म्हणाली, "तुमची पोळी माठाच्या कडेवर पडे मावशी, अर्धी जाळात जाये. मी इकडून वढून घेवो."

"दोन वर्सं? अन् मी तुले बोलत होती."

रंभाबाईनं तिचा हात मांडीवर ओढला, फळीवरची खोबरेलाची बाटली काढली आणि डागांवर तेल चोळू लागली. ते जुने होते, आता तेलानं जाणार नव्हते. चष्म्याची काच सारखी ओली होत होती.

"चहा थंडा होऊन राहिला मावशी," शामला म्हणाली.

"होऊ दे," रंभाबाई म्हणाली, आणि दुसरा हात मागितला.