दिगंबर सबनिसांचं सकाळचं टाइमटेबल

माझे वडील, दिगंबर सबनीस, कलकत्त्याला रेल्वेच्या टाइमटेबल विभागात कारकून होते. कुठली गाडी कुठल्या स्टेशनात किती मिनिटं थांबेल, याचे तक्ते करणाऱ्या बारा-पंधरा माणसांपैकी एक. अशा माणसाच्या पदरात दोन लहान मुलं आणि सकाळची शाळा पडली की काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आई १९५३च्या पावसाळ्यात टायफॉइडने गेली. मी, कालिंदी, तेव्हा आठ वर्षांची होते आणि माझा भाऊ जयंत साडेचार. तेरावा झाला आणि नागपूरहून आलेले चारुदत्तमामा बाबांसमोर बसले. आम्ही दोघं आतल्या खोलीत होतो. मधे फक्त एक पडदा होता.

"दिगंबरराव, एकट्या पुरुषाला हे झेपायचं नाही," मामा म्हणाले. "मुलं मी नेतो."

बाबा नाही म्हणाले. मामाही हटले नाहीत. ते दुष्ट नव्हते, बहिणीची पोरं उपाशी-अडाणी राहतील ही त्यांची काळजी खरी होती. शेवटी त्यांनी अट घातली. जानेवारीत नवं वर्ष सुरू होईल, जयंतही शाळेत जाऊ लागेल. तो एक महिना बघायचा. दोघांपैकी कुणाच्याही नावावर एक जरी लेट मार्क पडला, तरी महिनाअखेर मामा येऊन दोघांना घेऊन जाणार.

"मान्य आहे," बाबा म्हणाले. मला त्यांचा राग आला. कारण बाबांनी शब्द दिला की विषय संपला. दूधवाल्याला दिलेला शब्दसुद्धा ते मोडत नसत.

आमची शाळा घराजवळ, भवानीपुरातच, दहा मिनिटांवर. पण घंटा साडेसहाची, आणि घंटा झाली की फाटकाशी लेट मार्कांचं रजिस्टर उघडायचं. बाबांनी डिसेंबरातच स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता चिकटवला. चार पन्नासला उठणे. पाचला नळाचं पाणी येतं, ते भरणे. पाच दहा कालिंदीची अंघोळ, पाच पंचवीस जयंतची. पाच चाळीस दूध-पोळी. सहा ते सहा दहा वेण्या, बूट, दप्तर. सहा पंधराला घर सोडणे. खाली लाल शाईत, 'मार्जिन : पाच मिनिटं.' दोन रविवार त्यांनी आमच्याकडून रंगीत तालीम करून घेतली, अगदी शाळेच्या बंद फाटकापर्यंत. तिथल्या दरवानाने आम्हाला वेडं ठरवलं असणार, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं.

तालमीत कळलं की घोडं दोन ठिकाणी पेंड खातं. एक, माझ्या वेण्या. बाबांनी खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पेड बांधून आठवडाभर सराव केला आणि वेणी घालायला शिकले. घट्ट घालत, डोळे ताणले जात, पण सुटत नसे. दुसरं, जयंतचं दूध. एक पेला प्यायला तो चौदा मिनिटं घ्यायचा. त्यावर मात्र बाबांना इलाज सापडला नाही. ते समोर बसत, हातात घड्याळ, आणि काही बोलत नसत. त्या गप्प बसण्याचा धाक असा होता की जयंत चौदाचा सातवर आला.

जानेवारीचे दिवस एकेक करून निघू लागले. लेट मार्क नाही. पण सकाळी आमच्या घरात कुणी हसत नसे. जयंतचा एक मोजा सापडेना त्या दिवशी मी माझाच मोजा काढून त्याच्या पायात घातला आणि दिवसभर एका मोज्यावर हिंडले. मी त्याला चिमटे काढत असे, ढकलत असे. नागपूरला जायची मला भीती होती आणि तिचा सगळा राग मी त्याच्यावर काढत होते. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

मधे संक्रांत आली. आई जयंतचं बोरन्हाण दरवर्षी करायची, आणि पाच पुरे व्हायच्या आतलं हे शेवटचं. बाबांनी ठरवलं की ते चुकवायचं नाही. जदुबाबूच्या बाजारातून बोरं आणली, ऊस आणला, चुरमुरे आणले. महिन्यातल्या चौथ्या रविवारी जयंतला काळा सदरा घालून पाटावर बसवलं आणि स्वतःच त्याच्या डोक्यावर बोरं ओतली. महिन्यात पहिल्यांदा आम्ही तिघं हसलो. जयंतने भरपूर बोरं खाल्ली, उरलेली खिशात भरली.

पुढचा शनिवार महिन्याचा शेवटचा शाळेचा दिवस. मामांची मेल त्याच पहाटे हावड्याला येणार होती. ते घरी पोचतील तेव्हा आम्ही वर्गात असू, असा बाबांचा हिशोब.

चार पन्नासला मी उठले. जयंत अंथरुणात नव्हता. तो पलंगाखाली, भिंतीला पाठ लावून बसला होता.

"बाहेर ये," बाबा म्हणाले.

तो येईना. पाच पंचवीस झाले. पाच चाळीस झाले. दूध गार झालं. बाबांनी हात घालून त्याचा पाय ओढला, तर त्याने पलंगाचा पाय घट्ट धरला. मी वाकून त्याच्या दंडावर एक फटका मारला. तो ओरडला नाही, फक्त आणखी आत सरकला. सहा वाजले. बाबांचा आवाज चढला. मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

"जयंत, आज शेवटचा दिवस आहे. फक्त आजचा."

सहा पंधरा. माझ्या वेण्या घालून झाल्या होत्या, दप्तर खांद्यावर होतं, आणि मी दारात उभी राहून रडत होते. "बाबा, त्याला उचला ना," मी म्हणाले. उचलून नेला असता तर अजूनही वेळेत पोचलो असतो. मार्जिन होतं.

बाबांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. मग ते धोतर सावरून जमिनीवर आडवे झाले आणि पलंगाखाली तोंड नेऊन म्हणाले, "काय झालं ते सांग. मी ऐकतो."

सांगायला त्याला फार वेळ लागला. मराठी-बांगला मिसळून तो हुंदक्यांतून बोलत होता. रविवारची बोरं त्याने आदल्याच दिवशी वर्गात दाखवली होती. सगळी मुलं दचकली. बंगाल्यांत सरस्वतीपूजेआधी बोर, म्हणजे त्यांचं 'कूल', खात नाहीत, खाल्लं तर देवी रागावते आणि परीक्षेत नापास करते. पूजा अजून आठवड्यावर होती. इतकी वर्षं कलकत्त्यात काढूनही आमच्या घरात हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"मी पुष्कळ कूल खाल्ली," जयंत म्हणाला. "मी नापास होणार. मग मामा नेणार. तुम्ही शब्द दिलाय."

म्हणजे पडद्याआडचं त्यालाही सगळं कळलं होतं. घड्याळात साडेसहा झाले होते.

बाबा आणखी थोडे आत सरकले. मग म्हणाले, "तू नापास झालास तरी मी तुला देणार नाही. दर वर्षी झालास तरी नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

जयंत बाहेर आला. बाबांनी त्याचं तोंड धुतलं. बूट घालत होते तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि मामा दारात उभे राहिले, हातात बॅग, डोळे जागरणाने लाल. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेसात.

"मुलं घरी?" ते म्हणाले.

"हो. उशीर झाला."

मामांनी बॅग खाली ठेवली. "दिगंबरराव, मला आनंद होत नाहीये. पण अट तुम्ही मान्य केली होती."

"केली होती," बाबा म्हणाले. जयंतच्या बुटाची गाठ मारून ते उठले. "मी शब्द मोडतोय, चारुदत्तराव. लबाड म्हणा, चारचौघांत सांगा, मी ऐकून घेईन. मुलं मी देणार नाही."

बहिणीच्या लग्नापासून मामा या माणसाला ओळखत होते. तो शब्द मोडतोय याचा अर्थ त्यांना माझ्याआधी कळला असावा. ते खुर्चीवर बसले आणि पायातले बूट काढले. मग म्हणाले, "जा, पोचवून या. मी चहा ठेवतो."

आम्ही तिघं गेलो. रस्त्यात बाबांनी एकदाही घाई केली नाही. फाटकाशी दरवानाने रजिस्टर पुढे केलं. आमची दोन नावं, वेळ सात वाजून दोन मिनिटं, पालकाची सही. शेवटी कारणाचा रकाना होता. तिथे लोक 'ताप' नाहीतर 'ट्राम बंद' असं लिहायचे. बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि ऑफिसातल्या स्वच्छ इंग्रजी अक्षरात लिहिलं, 'मुलगा घाबरला होता. मी थांबलो.'