खोडरबर

फोटो स्टुडिओत तिला सगळे खोडरबर म्हणत. नाव मालकांनीच पाडलेलं, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उलट मनातून बरंच वाटायचं. कामच तसं होतं. संगणकासमोर बसायचं आणि लग्नाळू मुलींचे चेहरे उजळायचे. पुरळ, ओठावरची लव, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं साफ. सावळी पोर बघता बघता गोरीपान! मालकांचा एकच कडक नियम: फोटो हातात पडला की मूळ फोटो पुसून टाकायचा. आधी आपण कशा होतो ते गिऱ्हाइकाला पुन्हा दिसताच कामा नये.

तिचं स्वतःचं लग्न मात्र जमलं नाही. काळा रंग, हनुवटीवर चामखीळ, तिच्यावर दोन राठ केस; सगळं आईकडून जसंच्या तसं आलेलं. उजळलेला फोटो पाहून लोक येत आणि तिला पाहून काढता पाय घेत. ती आपली रोज सकाळी चिमट्यानं ते केस उपटून कामाला जायची.

आई तर कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात पळायची. "माझं काळं थोबाड कशाला हवंय तुम्हाला?" एकदाच, पुष्कळ गयावया करून, लेकीनं तिला स्टुडिओत बसवलं. मग हौसेनं तिचाही चेहरा उजळला, चामखीळ काढली, आणि हाताच्या सवयीनं मूळ फोटो पुसूनही टाकला. आई फोटो बघून म्हणाली, "ही कोण गं बाई?" दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

आई गेली तेव्हा दादानं तोच फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला. येणारेजाणारे वाखाणायचे. बाबा एक दिवस तिला म्हणाले, "तिचा चेहरा आठवेनासा झालाय गं. डोळे मिटले की ही भिंतीवरचीच बाई येते. खरा फोटो शोध ना."

तिनं स्टुडिओ पालथा घातला, नातेवाइकांचे अल्बम धुंडाळले. सगळीकडे आई कुणाच्या तरी खांद्याआड.

"तूच पुसला असशील ना?" मालक म्हणाले.

"हो, मीच."

आई आपल्या हातून दुसऱ्यांदा गेली, असं तिला वाटलं. ती मोरीत जाऊन ढसाढसा रडली. त्यानंतर तिनं चिमट्याला हात लावला नाही आणि उजळायला आलेल्या पहिल्याच मुलीला सरळ नाही म्हणाली. मालक म्हणाले, मग तू काय कामाची? दादा घरात कडाडला, "या वयात नोकरी सोडतेस, वर दाढी वाढवतेस काय?"

स्टुडिओ सोडताना तिनं फोटोवाल्याला स्वतःचा एक फोटो काढायला लावला आणि काहीही न पुसता तसाच छापून घेतला. जन्मात पहिल्यांदाच. घरी आल्यावर तो टेबलावर ठेवून ती हातपाय धुवायला गेली.

परत आली तर बाबा फोटो घेऊन खिडकीशी उभे. त्यांना हल्ली कमी दिसायचं. हनुवटीवर बोट फिरवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सापडली! हीच, हीच गं. कुठे होती इतके दिवस?"

ती ओल्या हातांनीच त्यांच्याजवळ गेली.

"लाव ना तेवढी भिंतीवर," बाबा म्हणाले.

तिनं स्टूल ओढलं, भिंतीवरची गोरी बाई खाली उतरवली आणि आईच्या जागी स्वतःचा फोटो लावला.