अक्काच्या डब्यातली औषधं

माझं काम सांगितलं की लोक आधी नाक मुरडतात. धुळ्यात, देवपूरला, मी एका लॅबमध्ये आहे. लोकांच्या लघवीतले, थुंकीतले जंतू प्लेटवर पसरते, वर वेगवेगळ्या औषधांच्या बारीक चकत्या ठेवते आणि प्लेट उबेला ठेवते. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसला, तर औषध चालतं. गोल नसेल, तर जंतूनं औषध पचवलं. हाच उद्योग कितीतरी देशांत चालतो आणि सगळ्यांचे निकाल एका नकाशावर जातात. औषधं निकामी तिथं लाल रंग. आमचा कोपरा वाळत घातलेल्या मिरच्यांसारखा दिसतो.

एकदा ऑनलाइन मीटिंगमध्ये कुठल्याशा थंड देशातल्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळतं तरी कसं? मनात म्हटलं, बाई गं, तू एकदा अमळनेरला ये. आमच्या अक्काला दुकानसुद्धा लागत नाही.

अक्का म्हणजे माझी आत्या. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्याकडे बिस्किटाचा एक डबा आहे. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या अक्काकडे जमा करायच्या, हा तिच्या गल्लीचा रिवाज. घसा दुखला की गुलाबी, पोट बिघडलं की पिवळी. मी कितीदा घसा फोडून सांगितलं, तर सगळं फेकून द्यायचं तिच्या जिवावर येतं. म्हणते, "मंग हाई बठ्ठं फेकी देऊ का?"

मग तिलाच लघवीला जळजळ सुरू झाली. डब्यातलं थोडं हे, थोडं ते खाऊन झालं आणि थंडी वाजून ताप भरला, तेव्हा मला फोन. तिला धुळ्याला आणून दवाखान्यात दाखवलं आणि तपासणी मी माझ्याच हातानं लावली.

दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली. या चकतीला गोल नाही, त्या चकतीला नाही. नकाशात लाल रंग भरताना मी जांभया देते. त्या दिवशी रडूच फुटलं. मग कडेची चकती दिसली. एका जुन्या, स्वस्त कॅप्सूलची. तिच्याभोवती चांगला ऐसपैस गोल! मी अशी ओरडले की शेजारच्या खोलीतून माणसं धावत आली. डॉक्टरांनी तीच कॅप्सूल सुरू केली, ताप उतरला आणि अक्का पुन्हा माझ्या वरणाला नावं ठेवू लागली.

"मन्हा जंतू परदेशमा गया का?" तिनं विचारलं.

"जंतू नाही गं, निकाल गेला."

"मन्हं नाव टाकं का?"

"नावं नाही टाकत, अक्का."

झालं! बाईसाहेब रुसल्या. एवढा पराक्रमी जंतू, आणि अमळनेरचा आहे हे तिकडे कुणाला कळणारच नाही म्हणजे काय! शेवटी सगळ्यांत चिवट तुझाच होता म्हटलं, तेव्हा चहा घेतला.

तिला घरी सोडायला गेले, तेव्हा तिनं तो डबा न भांडता माझ्या हातात दिला. मी चाटच पडले. किती वर्षांचं माझं डोकं फोडणं, अखेर कामी आलं! मग तिनं कमरेची पिशवी काढली आणि तिच्यातल्या रुमालाची गाठ सोडून माझ्या तळहातावर कॅप्सूल ठेवल्या. त्याच, गोलवाल्या. बरं वाटल्यावर कालपासून घेतल्याच नव्हत्या.

"हाईच एक चालस म्हने ना तू? तुले ताप उना ते?"

मला कधी ताप आला तर म्हणून राखून ठेवल्या होत्या! असा संताप आला आणि असं भरून आलं, की आधी काय करावं कळेना. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता चालू करा, पूर्ण संपवा. मी पाण्याचा तांब्या आणला. "तोंड उघड," म्हटलं.

तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि माझा हात धरून अगदी काळजीनं विचारलं,

"मंग तुले काय उरीन?"