देव गेला, पार्टी आली

गेल्या रविवारी आम्ही दोघं प्लेनोच्या आमच्या घरून डॅलसमधल्या एका म्युझियमला गेलो होतो. तिथे जे झालं ते इथे लिहावं की नाही, याचा बराच विचार केला... शेवटी सुहासलाच विचारलं. त्याने अंगठा वर केला, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... सुहास, माझा नवरा, याला गेल्या हिवाळ्यात स्ट्रोक आला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. त्याला सगळं कळतं, फक्त हवा तो शब्द तोंडात येत नाही. "पाणी" म्हणायला जायचा आणि "किल्ली" म्हणायचा... आणि आपण चुकलो हे त्याला त्याच क्षणी कळायचं. ते बघणं फार अवघड होतं.

आमची मित्रमंडळी जिवाला जीव देणारी आहेत. पण प्रेमापोटी सगळेच त्याची वाक्यं पूर्ण करायला लागले. एका पॉटलकहून, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाहून, परत येताना गाडीत तो म्हणाला, "लोक... नको." त्यानंतर कुठेही यायला तयार होईना.

स्पीच थेरपिस्टने प्रॅक्टिससाठी चित्रांची कार्डं दिली होती. सफरचंद, बस, टूथब्रश... त्याने ती बाजूला सारली. "मी... बाळ?" एवढंच म्हणाला. काय चुकलं त्याचं?

मग मला गराजमध्ये लेकीचं कॉलेजचं आर्ट हिस्टरीचं पुस्तक सापडलं. आम्ही दोघं इंजिनिअर, असल्या पुस्तकाच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. ठरवलं, रोज संध्याकाळी चहानंतर एक चित्र. थेरपिस्टची एकच अट होती... शब्द मी पुरवायचा नाही. कितीही वेळ लागो, गप्प बसायचं.

पहिलं चित्र चर्चमधलं, मध्ययुगातलं. मागे नुसता सोनेरी रंग, पुढे मेरी आणि मांडीवर येशू. सुहास म्हणाला, "आई... बाळ... सोनं." मग बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाळ... म्हातारं!" खरंच की! त्या बाळाचा चेहरा रिटायर झालेल्या काकांसारखा होता. कितीतरी महिन्यांनी आम्ही पोट धरून हसलो.

पानं पुढे सरकली तशी चित्रं भरत गेली. मध्ययुगानंतरच्या रेनेसान्सच्या काळात सोनेरी रंग जाऊन मागे नदी आली, डोंगर आले, लांब जाणारा रस्ता आला. बाळ येशू चक्क गुटगुटीत झाला. आणि तिथेच आमची गाडी अडली. चित्रात खिडकी होती. सुहास म्हणाला, "चमचा." परत "चमचा." तिसऱ्यांदाही तेच आल्यावर त्याने पुस्तक धाडकन मिटलं.

पुढचे कित्येक दिवस तो त्याला हात लावेना. मी मात्र रोज चहाच्या कपाशेजारी ते उघडून ठेवायचे, त्याच पानावर. एका संध्याकाळी मी ओट्यापाशी कणीक मळत होते आणि मागून आवाज आला, "खिडकी." मी वळले नाही. वळले असते तर रडले असते...

त्यानंतरची बरोक शैली त्याला आवडली. सगळीकडे अंधार, तलवारी, ताणलेले स्नायू आणि एकाच बाजूने येणारा प्रकाश. "लाईट... इकडून," तो बोट ठेवून सांगायचा. मग आली तिच्या पुढची शैली, रोकोको. गुलाबी गाल, लेस, रिबिनी, बागेत बसून गाणी ऐकणारी श्रीमंत माणसं. सुहासने नाक मुरडलं. "यांना... काम... नाही?"

म्हटलं, चल, ही मंडळी प्रत्यक्षच बघू. तो चक्क हो म्हणाला.

रविवारी म्युझियममध्ये आम्ही मध्ययुगापासून सुरुवात करून हळूहळू रोकोकोच्या रूममध्ये पोचलो. बाकावर टेकतोय तोच एक टूर ग्रुप आत आला. पांढऱ्या केसांच्या गाईडबाईंनी विचारलं, पहिल्या रूमपासून इथपर्यंत काय बदललं, कोणी सांगेल? सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

आणि माझ्या शेजारी सुहासने हात वर केला.

बाईंनी हसून त्याच्याकडे बघितलं. ग्रुपमधली सगळी डोकी वळली. सुहासने तोंड उघडलं... काहीच नाही. कोणीतरी खाकरलं. उत्तर मला माहीत होतं, इंग्लिश वाक्यसुद्धा तयार होतं. मी नुसती हलले, तर त्याने माझ्याकडे न बघता तळवा माझ्यासमोर धरला. थांब.

"God..." तो म्हणाला. मोठा श्वास घेतला. "God... गेला." मग समोरच्या बागेकडे, त्या नटलेल्या माणसांकडे हात केला. "Party... आली!"

मराठी कोणाला कळलं असेल? पण हातवारे असे होते की सगळ्यांना समजलं. ग्रुप खळखळून हसला, त्याला नाही, त्याच्या जोकला. गाईडबाई म्हणाल्या, "मी इतकी वर्षं टूर देतेय, पण याहून छोटं उत्तर मला कोणी दिलेलं नाही." सुहासचे कान लाल झाले. स्ट्रोकनंतर अनोळखी माणसांसमोर तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि त्याचं वाक्य कोणी पूर्ण केलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

ग्रुप पुढे गेला. मी डोळे पुसत होते, तेवढ्यात तो उठून दाराकडे निघालासुद्धा. वळून मला म्हणाला, "पुढच्या रूममध्ये काय आहे?"

न अडखळता... अख्खं वाक्य. त्याला स्वतःलाही ते कळलं नसावं.

अजून मोठी मजल बाकी आहे. काही दिवस तर एक पाऊल मागेच जातं. पण तुमच्या घरी असं कोणी असेल, तर एवढंच सांगते, त्यांना वेळ द्या. आणि त्या हसऱ्या गाईडबाई, तुम्ही हे कधी वाचणार नाही, तरी मनापासून थँक्यू... तुम्ही घाई केली नाहीत.