कानांवर चालणारं घर

मास्टरिंगवाल्याकडे फजितीचे किस्से फार साठतात. पूर्ण झालेल्या गाण्यावर ते बाहेर पडण्याआधी शेवटचा हात फिरवायचा, आवाज नीट बसवायचा, हे आमचं काम. त्यामुळे काही राहून गेलं तर दोष ढकलायला पुढे कुणी उरत नाही.

धायरीत नवाच स्टुडिओ टाकला होता. शनिवार पेठेतले एक बुजुर्ग गायक आले. मी डोळे मिटून ट्रेबलचं बटण अलगद फिरवत होतो. म्हटलं, "बघा, आता आवाज कसा उघडला!"

"उघडला खरा," ते शांतपणे म्हणाले, "पण तुमच्या त्या मशीनचा दिवा लागलेला दिसत नाही."

मशीन बंदच होतं. पुढचं सगळं काम मी त्यांच्याकडे पाठ करून केलं.

मग बिबवेवाडीच्या भजनी मंडळाच्या काकू. मला तेव्हा स्वच्छतेचं वेड होतं. त्यांच्या रेकॉर्डिंगमधले सगळे श्वास मी कापून टाकले. काकूंनी चार ओळी ऐकल्या आणि हेडफोन काढला.

"अहो, ही बाई मधे श्वासच घेत नाही. ऐकून मला धाप लागली."

मंडळातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी एकेक श्वास परत चिकटवत बसलो.

मेव्हण्याच्या लग्नात तर मी होऊन ओढवून घेतलं. साउंडवाल्याला चारचौघांत झापलं, "स्पीकरमधून घरघर येतेय, ऐकू येत नाही का तुम्हाला?" तो बिचारा वायरी तपासायला लागला. तेवढ्यात बायकोने माझी बाही ओढली.

"अहो, गप्प बसा. मागे बाबा झोपलेत."

सासरेबुवा जागे झाले आणि घरघर थांबली. जेवणाच्या पंगतीत मी साउंडवाल्यापासून लांब बसलो.

आणि मागच्या वर्षीची सायली. कॉलेजातली पोरगी, तिचं पहिलंच गाणं. फोन आला, "सर, पूर्ण गाण्यात एक बारीक शिट्टी वाजतेय."

मी स्पीकरवर ऐकलं, हेडफोनवर ऐकलं, गाडीत ऐकलं. शिट्टी नव्हती. "तुझा फोन खराब असेल," म्हणालो. जरा तोऱ्यातच.

संध्याकाळी घरी तेच गाणं लावलं, तर आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, ती शिट्टी बंद करा ना."

सायलीला फोन करून माफी मागितली. "दुसऱ्या कुणाकडून करून घे," म्हणालो. कारण सांगायला जीभ वळली नाही.

मग घरी न सांगता कान तपासायला गेलो. तिथल्या बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला. म्हणाल्या, "कितीही बारीक आवाज आला तरी हात वर करायचा."

मी डोळे मिटले. इतकी वर्षं या कानांवर घर चाललंय, एकही आवाज सोडायचा नाही असं ठरवलं. एक बारीक आवाज आला. हात वर केला. मग त्याहून बारीक. पुन्हा हात. मग आणखी एक, अगदी लांबून आल्यासारखा. जमतंय की, वाटलं. छातीवरचं ओझं उतरत होतं.

एवढ्यात खांद्यावर हात पडला. डोळे उघडले, तर बाई समोर उभ्या होत्या. त्यांनी माझा हेडफोन एका बाजूने उचलला.

"अहो, मी अजून सुरूच केलेलं नाही."